आईवेगळी पिले : परिसर अभ्यासातील एका पाठाची तयारी

(इयत्ता चौथी व पाचवीच्या वर्गशिक्षकांकरिता)

खेड्यातील शाळेत काम करणाऱ्या शिक्षकावर वर्षातून एखाद्या वेळी तरी एक प्रसंग हटकून येतो. प्रार्थना झालेली असते, हजेरी चाललेली असते आणि एखादा विद्यार्थी सदऱ्याच्या आत काही तरी दडवून दारात उभा राहतो. कधी ते खारीचे पिल्लू असते, कधी सशाचे. कधी वावरात सापडलेले हरिणाचे पाडस असते, तर कधी विजेच्या तारेला लागून मेलेल्या वानरीचे पोर. “गुरुजी, याला आई नाही,” एवढेच तो सांगतो. सारा वर्ग पट्ट्यांवरून उठून त्याच्याभोवती गोळा होतो आणि त्या दिवशीचा गणिताचा तास तेथेच संपतो.

पुढे काय होते, हेही बहुतेक शिक्षकांस ठाऊक आहे. कोणी घरून गाईचे दूध आणतो, कोणी कापसाची वात करून ते पिलाच्या तोंडात पिळतो, कोणी खोक्यात चिंध्या अंथरतो. दोन-तीन दिवस मुलांच्या आनंदाला सीमा नसते. चौथ्या दिवशी पिल्लू मान टाकते. मुले रडतात, शाळेच्या मागे खड्डा खणतात, वर फुले ठेवतात. या सर्व व्यवहारात दयेची उणीव कोठेही नसते. उणीव असते ती माहितीची. गाईचे दूध अनेक वन्य पिलांस पचत नाही, आणि तोंडात जबरीने ओतलेले दूध फुप्फुसात उतरते, ही साधी गोष्ट त्या मुलांस कोणी सांगितलेली नसते. पुष्कळदा तर त्या पिलाची आई जिवंत असते आणि ते जेथून उचलले तेथेच ती त्याला शोधीत फिरत असते.

प्राण्यांवर दया करावी, हे वाचनपाठांतून व गोष्टींतून मुलांच्या कानांवर पहिलीपासून पडत असते. परंतु नुसती दया शिकविली तर गावात पिंजरे वाढतात, हा अनुभव आहे. म्हणून चौथी-पाचवीच्या वर्गात परिसर अभ्यासाच्या तासांना आईवेगळ्या पिलांविषयी एक स्वतंत्र पाठ घ्यावा. त्यासाठी दोन स्थळे उपयोगी पडतील. एक आपल्याच राज्यातील हेमलकसा, आणि दुसरे आफ्रिकेतील एका सरोवरातले बेट. मुलांस दोन्ही ठिकाणची सफर मनाने घडवावी.

हेमलकसा हे गाव गडचिरोली जिल्ह्यात, भामरागड तालुक्यात आहे. राज्याचा नकाशा भिंतीवर टांगून आरंभ नदीपासून करावा. जालना शहर कुंडलिका नदीच्या काठी वसले आहे आणि नवीन जालना व जुना जालना यांच्यामधून हीच नदी वाहते, हे मुलांस माहीत असते. कुंडलिका दुधनेस मिळते, दुधना पूर्णेस आणि पूर्णा गोदावरीस. गोदावरीच्या रेघेवर बोट ठेवून ते पूर्वेकडे न्यावे. राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, सिरोंचा तालुक्यात सोमनूर येथे तिला इंद्रावती येऊन मिळते. आता बोट इंद्रावतीवरून उलट वर न्यावे, म्हणजे पामुलगौतम व पर्लकोटा या दोन नद्या तिला जेथे मिळतात ते भामरागड लागते. जालन्याचे पाणी व भामरागडचे पाणी शेवटी एकाच नदीतून समुद्रास जाते, हे कळले म्हणजे ते दूरचे गाव मुलांस एकदम परके वाटत नाही.

प्रत्यक्ष जाणारा प्रवासी बल्लारशाह स्थानकावर आगगाडीतून उतरतो आणि आष्टी, आलापल्ली या मार्गाने मोटारीने पुढे जातो. आलापल्लीच्या पुढे सुमारे साठ किलोमीटर दाट अरण्य आहे. साग, ऐन, मोह, बांबू यांची झाडी दोहो अंगांनी रस्त्यावर येते. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, असे वर्षानुवर्षे घडत आले आहे. या अरण्यात माडिया गोंड लोकांची वस्ती आहे. त्यांच्यासाठी बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हा हा प्रदेश चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली हा वेगळा जिल्हा १९८२ साली झाला. बाबांचे धाकटे पुत्र डॉ. प्रकाश आमटे आणि त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना उघडला. १९७६ साली शाळाही सुरू झाली. या उभयतांस २००८ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दवाखाना व शाळा यांची माहिती शिक्षकांनी थोडक्यात द्यावी, कारण या पाठाचा विषय तो नव्हे.

विषय सुरू होतो तो एका माकडापासून. प्रकल्पाची ती पहिलीच वर्षे होती. डॉ. प्रकाश आमटे यांना जंगलाच्या वाटेवर शिकारीहून परतणारे काही माडिया भेटले. त्यांच्या खांद्यांवरील बांबूला मेलेली माकडीण लटकत होती. तिच्या छातीला एक पिल्लू घट्ट बिलगले होते. आई मेली आहे याची त्याला जाणीव नव्हती. ते तिचे दूध पिण्याची धडपड करीत होते. या पिलाचे काय करणार, असे डॉक्टरांनी विचारले. तेही खाणार, असे उत्तर आले. त्यात लपविण्यासारखे काही आहे असे त्या शिकाऱ्यांस वाटत नव्हते. डॉक्टरांनी तांदूळ व कपडे देऊ केले आणि त्या बदल्यात पिल्लू मागून घेतले. पुढे त्यांनी आसपासच्या गावांत सांगून ठेवले की, शिकारीत पिले सापडली तर ती मारू नका, येथे आणून द्या; त्यांच्या मोबदल्यात धान्य मिळेल. आणि पिले येऊ लागली.

ही गोष्ट वर्गात सांगताना शिक्षकांनी एक काळजी घेणे अगत्याचे आहे. शिकारी हा गोष्टीतील राक्षस होता कामा नये. त्या काळी माडियांच्या घरी वर्षभर पुरेल इतके धान्य नसे. अंगावर पुरेसे वस्त्र नसे. रानात जे मिळेल त्यावर पोट भरावयाचे, हाच त्यांचा क्रम होता. भुकेल्या माणसास “हिंसा करू नकोस” एवढेच सांगून भागत नाही, हे डॉक्टरांनी ओळखले. म्हणून त्यांनी उपदेशाऐवजी तांदूळ दिला. पिल्लू आणि धान्य यांचा हा जो विनिमय झाला, त्यात माणसाची व प्राण्याची अशी दोघांचीही सोय होती. तो मुलांपुढे नीट उलगडून ठेवावा. त्यांच्यापैकी काहींच्या घरीही कधी तितर, कधी ससा रानातून आलेला असतो. शिक्षकाने शिकाऱ्यास दूषण दिले की ती मुले मान खाली घालून बसतात आणि पुढे एक शब्द बोलत नाहीत.

त्या एका माकडापासून हेमलकशास वन्य प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. बिबटे, अस्वले, तरस, कोल्हे, हरणे, नीलगाई, साळिंदर, मगरी, मोर, घुबडे आणि नाना जातींचे साप आजवर तेथे राहून गेले. आरंभी तर पिंजरेही नव्हते. पिले घरातच वाढत. प्रकल्पातील एक जुने कार्यकर्ते विलास मनोहर यांनी या प्राण्यांच्या सहवासावर ‘नेगल’ नावाचे पुस्तक लिहिले आहे. ते शाळेच्या ग्रंथालयात असल्यास शिक्षकांनी पाठापूर्वी अवश्य वाचावे.

डॉ. आमटे बिबट्याच्या शेजारी बसले आहेत, अस्वल त्यांच्या अंगाशी लाडीगोडी करीत आहे, अशी छायाचित्रे मुलांनी वर्तमानपत्रांत किंवा भ्रमणध्वनीवर पाहिलेली असतात. ती पाहून “आपणही असे करू” ही इच्छा होणे स्वाभाविक आहे. येथे स्पष्ट बोलावे. ती पिले डोळे उघडण्याच्या वयापासून त्या एका माणसाच्या हाताखाली वाढली होती. दुसरा कोणी जवळ गेला असता तर तसेच घडले असते असे नव्हे. शिवाय आजचे शास्त्र वन्य प्राण्यांपासून अंतर ठेवावयास सांगते, कारण माणसाची सवय झालेला प्राणी माणसासही धोक्याचा आणि स्वतःसही. ते छायाचित्र दाखवू नये असे नाही. मात्र दाखविल्यावर, “हा बिबट्या आता जंगलात जाऊन काय करील?” हा प्रश्न लगेच विचारावा.

मुले बहुधा उत्तर देतात, “शिकार करील.” त्यावर, “त्याला शिकार कोणी शिकविली?” असे विचारताच वर्ग गप्प होतो. पाठाचा खरा गाभा येथे आहे. पिल्लू जगविणे एक, आणि त्याला जंगलात जगता येईल असे करणे दुसरे. पहिले काम माणूस करू शकतो. दुसरे काम आई करते, आणि ते फार मोठे असते. ते किती मोठे, हे जेथे सर्वांत स्पष्ट दिसते अशा प्राण्याकडे आता वळावे. तो म्हणजे चिंपांझी.

चिंपांझी आपल्या देशातील नव्हे. त्याच्या कुळातला, म्हणजे शेपूट नसलेला मानवसदृश वानर भारतात एकच आढळतो, तो ईशान्येकडील हूलॉक गिबन. आपल्या गावात छपरांवरून उड्या मारणारे वानर किंवा लाल तोंडाचे माकड ही या कुळाची दूरची भावंडे होत. चिंपांझीचे पोर चार-पाच वर्षे आईच्या दुधावर असते आणि त्यानंतरही कित्येक वर्षे तिच्याबरोबरच फिरते. कोणते फळ केव्हा पिकते, वारुळात काडी घालून वाळवी कशी काढावयाची, झोपण्यासाठी रोज संध्याकाळी झाडावर फांद्या वाकवून अंथरूण कसे करावयाचे, कळपातील थोरापुढे कसे वागावयाचे, हे सर्व ते आईकडे पाहून शिकते. एका बाळानंतर दुसरे बाळ होण्यास मादीला साधारण पाच-सहा वर्षे लागतात. इतका वेळ ती एका मुलाच्या शिक्षणास देते, असे म्हणावयास हरकत नाही.

टांझानियातील गोंबे येथे जेन गुडॉल या विदुषींनी १९६० पासून चिंपांझींचे निरीक्षण केले. तेथील फ्लो नावाची म्हातारी मादी १९७२ साली मेली. तिचा मुलगा फ्लिंट त्या वेळी सुमारे साडेआठ वर्षांचा होता. फळे तोडून खाण्यास तो समर्थ होता, कळपात भावंडे होती. तरीही त्याने खाणे टाकले, तो कळपापासून दूर बसू लागला, आणि आईमागे काही आठवड्यांतच तोही मेला. ही घटना सांगताना आवाज चढविण्याची किंवा रडवेला करण्याची गरज नाही. ज्या वर्गात आई गमावलेले मूल बसलेले असेल, तेथे ती सांगावी की नाही, हे शिक्षकाने स्वतः ठरवावे.

असली पोरे अनाथ होतात ती का? आफ्रिकेच्या अनेक भागांत चिंपांझी मांसासाठी मारले जातात आणि पोरे जिवंत विकली जातात. आई जिवंत असताना तिच्या अंगावरचे पोर कोणाच्या हाती लागत नाही. म्हणून विकावयास आलेल्या पोरामागे एक मेलेली आई असतेच, आणि पुष्कळदा तिच्या बाजूने धावून आलेले कळपातील इतरही. हा व्यापार भारतापर्यंत पोहोचलेला आहे. कोलकात्यात पकडलेले तीन चिंपांझी व चार मार्मोसेट जातीची छोटी माकडे अंमलबजावणी संचालनालयाने २०१९ साली मालमत्ता म्हणून जप्त केली होती. त्यांची रवानगी अलीपूरच्या प्राणिसंग्रहालयात झाली. माडियांची भूक आणि हा व्यापार यांतील भेद वरच्या वर्गांतील मुलांस सहज उमगतो.

अशा जप्त केलेल्या पोरांसाठी युगांडा देशात १९९८ साली एक घर वसविण्यात आले. व्हिक्टोरिया सरोवरात, एंटेबे शहरापासून सुमारे २३ किलोमीटरवर न्गाम्बा नावाचे बेट आहे. व्हिक्टोरिया सरोवर केवढे, हे आकड्याने न सांगता नकाशावर दाखवावे: आपला सारा मराठवाडा त्यात बुडेल आणि तरी थोडे पाणी उरेल. बेट मात्र लहान, सुमारे १०० एकरांचे. बहुतेक सर्व जंगल. विषुववृत्त जवळून जाते, त्यामुळे पाऊस भरपूर आणि झाडी सदा हिरवी.

पाहुणा एंटेबेहून नावेने येतो. धक्क्यावर उतरल्यानंतर त्याला हिंडण्यास जी जागा मिळते ती बेटाचा एक कोपरा आहे. त्या कोपऱ्यापुढे विजेचे कुंपण आहे आणि कुंपणापलीकडचे जंगल पाहुण्याचे नव्हे. ठरलेल्या वेळी तो उंच मचाणावर उभा राहतो. राखणदार फळे व भाज्या कुंपणापलीकडे फेकू लागतात, आणि झाडीतून एक एक करून चिंपांझी बाहेर येतात. कोणी हात उंचावून फळ मागतो, कोणी झेलतो, कोणी दोन्ही हात व एक पाय यांत फळे धरून उरलेल्या पायावर लंगडत झाडामागे निघून जातो. पाहुणे हसतात. माणसाचे पडसे-खोकला चिंपांझींस बाधतो आणि कधी जीवघेणा ठरतो, म्हणून त्यांना शिवण्याचा प्रश्नच येत नाही. संध्याकाळी बहुतेक चिंपांझी आपण होऊन रात्रीच्या निवाऱ्यात परततात. तेथे त्यांच्यासाठी झोळ्या बांधलेल्या असतात. काही मात्र जंगलातच फांद्यांचे अंथरूण करून राहतात, आणि राखणदारांस त्याचा विशेष आनंद होतो.

बेटच का निवडले, हे मुलांनीच शोधून काढावे. चिंपांझी सहसा पोहत नाहीत. सरोवराचे पाणी हेच त्यांचे कुंपण. त्यांना पिंजऱ्यात कोंडावे लागत नाही, आणि पलीकडच्या काठावरील शेतकऱ्यांच्या केळीच्या बागांस उपद्रवही पोहोचत नाही. इतके ऐकले की एखादा विद्यार्थी म्हणतो, “म्हणजे ते सुखात आहेत.” शिक्षकाने घाईने ‘हो’ म्हणू नये.

रानातील चिंपांझींचा एक कळप काही चौरस किलोमीटर मुलुखात फिरतो. न्गाम्बावर पन्नासच्या आसपास चिंपांझी १०० एकरांत राहतात. जंगलातील फळे त्यांस पुरत नाहीत. पुरतील अशी आशाही नाही. दिवसातून अनेक वेळा अन्न बाहेरून आणून द्यावे लागते, आणि तेही जन्मभर. चिंपांझी चाळीस-पन्नास वर्षे जगतो. म्हणजे आज आणलेले दोन वर्षांचे पोर, आज पाचवीत बसलेला विद्यार्थी आजोबा होण्याच्या वयास येईतो, कोणी तरी पोसावयाचे आहे. नव्या अनाथांसाठी जागा राहावी म्हणून तेथील माद्यांना पिले होऊ नयेत अशी औषधयोजना करतात. ही गोष्ट लहान मुलांस “तेथे नवीन घर बांधावयास जागा नाही” एवढ्याच शब्दांत सांगावी.

मग त्यांना खऱ्या जंगलात का सोडीत नाहीत? प्रयत्न झालेले आहेत. काँगो प्रजासत्ताकातील कोंकुआती येथे १९९६ पासून काही अनाथ चिंपांझी जंगलात सोडण्यात आले आणि त्यांतील अनेक जगले. परंतु त्यासाठी रिकामे जंगल लागते. जेथे अगोदरच चिंपांझी आहेत, तेथे ते परक्या नरास मारून टाकतात. जेथे नाहीत, तेथे बहुधा जंगलच उरलेले नसते किंवा ज्या बंदुकांनी आया मारल्या त्या अजून असतात. आणि माणसाची भीती गेलेला चिंपांझी गावात शिरला तर माणसांच्या मुलांस धोका. हेमलकशाच्या बिबट्याचे उत्तर येथे मिळते. ज्याने आईबरोबर एकही शिकार केली नाही, ज्याला माणूस म्हणजे अन्न देणारा हात एवढेच ठाऊक आहे, त्याला जंगलाच्या काठावर सोडून देणे म्हणजे त्याला आणि जवळच्या गावाला संकटात टाकणे. म्हणून ही दोन्ही घरे, अरण्यातले व सरोवरातले, आत येण्याची आहेत. बाहेर जाण्याची वाट तेथून क्वचितच निघते. ज्यांनी ती उभारली त्यांनाही हे माहीत होते. दुसरा उपाय नव्हता म्हणून त्यांनी ती उभारली.

आता प्रश्न आपल्या गावाचा. येथे जुन्नरचे उदाहरण फार उपयोगी आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात उसाचे फड दाट आहेत, आणि बिबट्याच्या माद्या त्या फडांतच वितात. ऊसतोड सुरू झाली की कोयत्यापुढे एकाएकी दोन-तीन बछडे उघडे पडतात. पूर्वी लोक ते उचलून गावात नेत आणि बछड्यांस वनखात्याकडे पोहोचवीत; तेथून पुढे त्यांचा जन्म पिंजऱ्यात जाई. त्यांची आई मात्र मेलेली नसे. दिवसा माणसांच्या गलबल्याने ती दूर गेलेली असे आणि रात्री परत येऊन रिकामा फड हुंगीत फिरे. आता तेथे वेगळी रीत रूढ झाली आहे. बछडे सापडले की काम थांबवून वनकर्मचाऱ्यांस कळवितात. माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्य येऊन त्यांना तपासतात. अंधार पडण्याच्या सुमारास बछड्यांना पेटीत घालून सापडल्या जागीच ठेवतात आणि माणसे दूर जातात. रात्री मादी येते, पेटी उलथविते आणि एकेका बछड्यास मानेला धरून घेऊन जाते. अशा रीतीने कित्येक बछडे आईस परत मिळाले आहेत. ते अनाथ नव्हतेच. उचलणाऱ्यांनी त्यांना अनाथ केले असते.

हे समजल्यावर हरिणाच्या पाडसाची गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. मराठवाड्याच्या माळरानावर काळविटाची मादी पाडसाला गवतात दडवून चरावयास जाते. पाडस हलत नाही, ओरडत नाही. निश्चल पडून राहणे हेच त्याचे संरक्षण. मुलाला वाटते, हे टाकून दिलेले आहे. सशाच्या पिलाचेही तसेच. वानराच्या कळपात तर आईखेरीज इतर माद्याही पोरांना अंगाखांद्यावर घेतात. वानरीचे पोर खाली पडले असेल आणि कळप जवळच्या लिंबावर बसून असेल, तर माणसांनी दूर व्हावे, कुत्री हाकलावीत आणि कळपास वेळ द्यावा.

आई खरोखरच मेली असेल तर काय? पिलास सावलीत, शांत जागी, हवा जाईल अशा खोक्यात ठेवावे; दूध पाजू नये; त्याच्याशी खेळू नये; आणि वनखात्यास कळवावे. वनखात्याचा मदतीचा दूरध्वनी क्रमांक १९२६ हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राणी परवानगीवाचून पकडणे अथवा पाळणे हा अपराध आहे, हेही मुलांस सांगावे. मात्र पिल्लू घेऊन आलेल्या मुलास दरडावताना ते सांगू नये. त्याने ते मायेने आणलेले असते. कोठे सापडले, किती वाजता, आसपास कोण होते, एवढे त्याच्याकडून नीट विचारून घ्यावे. पिल्लू त्याच जागी परत ठेवण्यासारखे असेल तर त्या मुलासच बरोबर घेऊन जावे आणि दूर उभे राहून वाट पाहावी. गणिताचा तास बुडाला तरी चालेल.

पिंजऱ्यातल्या पोपटाचा विषय या पाठात निघतोच. गावात दोन-चार घरी राघू असतात. क्वचित शिक्षकाच्या घरीही असतो. तो ढोलीतून पिल्लू असतानाच काढलेला असतो आणि त्याच कायद्याखाली येतो. ज्या शिक्षकाच्या ओसरीत पिंजरा टांगलेला आहे, त्याने हा पाठ घेण्यापूर्वी त्याची वाट लावावी, म्हणजे मुलांच्या नजरेस नजर देता येईल. मात्र पिंजऱ्याचे दार उघडून राघू उडवून देऊ नये. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेला पक्षी पहिल्याच दिवशी मांजराच्या तोंडी जातो. त्यालाही वनखात्याकडेच द्यावे.

स्वाध्यायासाठी फार लेखन नको. मुलांनी आपल्या गावाच्या शिवारात कोणकोणते प्राणी पिले घालतात, कोठे आणि कोणत्या महिन्यात, हे घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून यावे. आजोबा व मेंढपाळ यांना यातले पुस्तकाहून अधिक ठाऊक असते. त्यावरून वर्गात शिवाराचा एक नकाशा करावा आणि तो वर्षभर भिंतीवर ठेवावा. १९२६ हा क्रमांक मुलांच्या वहीत राहिला तर उपयोगाचा नाही. तो शाळेच्या दर्शनी भिंतीवर, पोषण आहाराच्या फलकाशेजारी, रंगाने लिहून घ्यावा.

अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतील शिक्षकांनी हा पाठ दसऱ्यापूर्वी घ्यावा. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि ज्या मुलांच्या पुढ्यात फडातले बछडे खरोखर येण्याचा संभव आहे, नेमकी त्यांच्याच जागा वर्गात रिकाम्या असतात.